लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर

राहुरीच्या आसपास मुळेच्या कांठानें चालत गेलें असतां बांधावर धोत्रा व रुई, आणि अंगणांत कण्हेर, हीं झाडें पावलोपावलीं दिसतात. गुरेंहि त्यांस सहसा तोंड लावीत नाहींत. अशा झाडांच्या अभ्यासांत एका मराठी लष्करी डॉक्टरानें आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेंचिला, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

कीर्तिकर मुंबईचे. ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते विलायतेस गेले व इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्यें शिरले. हें खातें मूळचें फौजेचें. डॉक्टरास आधीं पलटणीबरोबर जावें लागे, मुलकी इस्पितळाची जागा मिळाली तर मागाहून. प्रवेशाची परीक्षा लंडनमध्यें होत असल्यामुळें हिंदी तरुणांस ती वाट फार खर्चाची होती. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धांत त्यांनीं चाकरी केली व पुढें ते लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यास पोंचले. एवढ्या मानावर पुष्कळांनीं समाधान मानिलें असतें.

त्या काळीं विषप्रयोगाचे खटले वारंवार होत. धोत्र्याचें बीं अन्नांत मिसळून वाटसरूंस लुबाडीत; गुंजेच्या लगद्याची सुई टोंचून गुरें मारीत. झाड नेमकें ओळखल्यावांचून डॉक्टरास उपाय सुचणार कसा? कीर्तिकरांनीं १८९० नंतरच्या दशकांत मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत मुंबईकडील विषारी वनस्पतींवर सचित्र लेखमाला लिहिली.

औषधी वनस्पतींचा घोंटाळा तर याहून मोठा. ब्राह्मी म्हणून कोणी एक वेल आणून देतो, कोणी दुसरीच. शंखपुष्पीचीहि तीच कथा. नांव एक, झाडें निराळीं, आणि मात्रा मात्र रोग्याच्या पोटांत जावयाची! म्हणून प्रत्येक वनस्पतीचें शास्त्रीय वर्णन, देशी भाषांतील नांवें, उपयोग व चित्र एकत्र देणारा ग्रंथ रचण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. फौजेच्याच वैद्यकीय खात्यांतून निवृत्त झालेले मेजर बामनदास बसू हे त्यांचे सहकारी होते.

रुक्ष वाटणाऱ्या ह्या कामाचा कर्ता कवीहि होता, हें सांगितल्यास नवल वाटेल. टेनिसन ह्या इंग्रज कवीच्या काव्याच्या आधारें त्यांनीं ‘इंदिरा’ हें मराठी काव्य रचिलें, आणि १९०९ सालीं बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. पलटणीच्या डॉक्टरास हा मान मिळावा, ही मला त्यांच्या चरित्रांतील सर्वांत गोड गोष्ट वाटते.

ग्रंथ मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत निघाला नाहीं. १९१७ सालीं ते वारले, आणि १९१८ सालीं अलाहाबादेच्या पाणिनि कार्यालयानें ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ प्रसिद्ध केला. त्यांत हजारावर चित्रें होतीं. मुखपृष्ठावर बसूंच्या आधीं कीर्तिकरांचें नांव आहे. पुढें फादर ब्लॅटर, फादर केयस व डॉक्टर म्हसकर ह्यांनीं त्याची सुधारलेली आवृत्ति १९३० नंतरच्या दशकांत काढिली. तिचें पुनर्मुद्रण झालें असून, बांधावरचें पान हातांत धरून तें चित्राशीं ताडून पाहणें आजहि शक्य आहे.