एका मोटारीची शिक्षा

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉलचा इतिहास वाचायला घेतला, की सामन्यांच्या निकालांइतकीच आणखी एक गोष्ट सारखी समोर येते. कुठल्या मुलाला कुणी काय दिलं आणि त्यामुळं तो खेळायला पात्र राहिला की नाही, यावरची भांडणं. या सगळ्या भांडणांत मला सर्वांत बोलकं वाटतं ते विल्ट चेंबरलेनचं प्रकरण. २ मार्च १९६२ रोजी एकाच व्यावसायिक सामन्यात १०० गुण करणारा तो हाच. पण त्या विक्रमाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

विल्टचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ चा, फिलाडेल्फिया शहरातला. घरात नऊ भावंडं. वडील कधी वेल्डिंग करत, कधी इमारतीची देखभाल, कधी पडेल ते काम. आई लोकांच्या घरी कामाला जाई. लहानपणी न्यूमोनियानं तो इतका आजारी पडला, की शाळेचं एक वर्ष बुडालं. आणि हाच मुलगा हायस्कूल संपवताना सात फुटांच्या घरात पोचला होता. त्याला आपल्याकडे ओढायला दोनशेहून अधिक कॉलेजं धडपडत होती. वाचकहो, मोलमजुरीवर चालणाऱ्या त्या घराचा क्षणभर विचार करा. अशा घरातल्या पोरासमोर अचानक सगळं जग हात जोडून उभं राहिलं, तर त्यातला कुणाचा हात निर्मळ आणि कुणाचा नाही, हे त्यानं कसं ओळखायचं?

१९५४ च्या उन्हाळ्यात विल्ट न्यूयॉर्क राज्यातल्या एका डोंगरी हॉटेलात पाहुण्यांचं सामान वाहायचं काम करत होता. तिथल्या खेळांची व्यवस्था बोस्टन सेल्टिक्सचे प्रशिक्षक रेड आवरबाख बघत. त्या काळी व्यावसायिक संघाला आपल्या टापूतल्या कॉलेजचा खेळाडू आधी निवडता येई. साहजिकच, या मुलानं बोस्टनच्या बाजूच्या कॉलेजात जावं अशी आवरबाख यांची खटपट होती. फिलाडेल्फिया वॉरियर्सचे मालक एडी गॉटलिब आणखी पुढं गेले. मुलगा आमच्या शहरातल्या शाळेचा, या आधारावर त्यांनी १९५५ मध्येच त्याच्यावर हक्क नोंदवून टाकला. मुलगा नियमानं हौशी होता. पण त्याच्या मालकीची वाटणी तो कॉलेजात पाऊल टाकण्याच्या सुमारासच झाली होती!

विल्टनं निवडलं कॅन्सस विद्यापीठ. तिथले प्रशिक्षक फॉग ॲलन हे बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांचेच शिष्य. त्या वेळच्या नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. हा नियम १९७२ पर्यंत टिकला. तेव्हा विल्ट पहिल्या वर्षाच्या मुलांच्या संघातून कॅन्ससच्याच मुख्य संघाविरुद्ध उतरला. ४२ गुण करून त्यानं तो सामना ८१–७१ असा जिंकून दिला. पुढं ॲलन वयाच्या सत्तरीमुळे निवृत्त झाले; ज्यांच्यासाठी तो आला, त्यांच्या हाताखाली मुख्य संघात खेळणं त्याच्या नशिबी नव्हतं. ३ डिसेंबर १९५६ रोजी मुख्य संघातल्या पहिल्याच सामन्यात त्यानं ५२ गुण केले.

कौतुकाला दुसरी बाजूही होती. काळ्या माणसाला अनेक खाणावळींत बसू न देण्याची रीत तिथं होती. विल्ट सरळ जाऊन बसू लागला. डल्लासच्या सामन्यांत प्रेक्षकांनी त्याला वर्णावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. आणि २३ मार्च १९५७ च्या अंतिम सामन्यात, तीनदा जादा वेळ खेळूनही, कॅन्सस ५४–५३ असं एका गुणानं हरलं. तो एक गुण विल्टच्या मनात जन्मभर रुतून राहिला.

१९५८ मध्ये पदवी न घेताच त्यानं कॉलेज सोडलं. त्याची कारणं सांगणारा लेख त्यानं ‘लुक’ मासिकाला १०,००० डॉलरला विकला. बरोबरीच्या मुलांची पदवी होईपर्यंत व्यावसायिक लीग त्याला घेऊ शकत नव्हती, म्हणून वर्षभर तो हार्लेम ग्लोबट्रॉटर्समधून खेळला आणि १९५९ मध्ये गॉटलिब यांच्या संघात गेला.

मग १९६० मध्ये कॉलेजांच्या क्रीडासंघटनेनं निकाल दिला. विल्टला मोटार घेण्यासाठी कॅन्ससच्या हितचिंतकांनी मदत केली होती. शिक्षा काय? विद्यापीठ दोन वर्षं देखरेखीखाली. विल्ट तोवर कधीच निघून गेला होता. ज्यांनी ती मोटार कदाचित पाहिलीही नसेल, त्या मुलांच्या संघावर तो डाग बसला.

मी विल्टला निर्दोष ठरवणार नाही. हितचिंतकांकडून आपल्याला सुमारे ४,००० डॉलर मिळाले होते, हे त्यानं १९८५ मध्ये स्वतःच सांगितलं. नियम पाळून, पदरमोड करून खेळणारी मुलंही त्याच काळात होती आणि त्यांच्यावर हा अन्यायच होता. पण त्या नियमानं पैसा खेळात येण्याचा थांबवला नव्हता. तिकिटं विकली जात, कॉलेजचं नाव होई, व्यावसायिक मालक हक्क नोंदवत. पैसा पोचू नये अशी एकच जागा होती, ती म्हणजे खेळाडूचा खिसा. आणि उघडपणे द्यायचं नाही म्हटल्यावर ते मागच्या दारानं येऊ लागलं.

पुढं कित्येक वर्षं विल्ट कॅन्ससपासून दूर राहिला. १७ जानेवारी १९९८ रोजी विद्यापीठानं त्याचा १३ क्रमांक सन्मानानं निवृत्त केला, तेव्हा तो जुना कॉलेजचा कोट घालून आला आणि एकेचाळीस वर्षांपूर्वीच्या त्या एका गुणाबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून आले. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी तो गेला. मृत्युपत्रातून कॅन्सस विद्यापीठाला त्याच्याकडून ६,५०,००० डॉलर मिळाले.

१ जुलै २०२१ पासून अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर उघडपणे कमाई करता येऊ लागली. २०२५ मध्ये तर विद्यापीठांनी त्यांना थेट पैसे देण्याचा मार्गही मोकळा झाला. विल्टच्या वेळी त्याच्या नावाचं मोल सगळ्यांना कळत होतं. त्यातला त्याचा वाटा मात्र चोरून घ्यावा लागत होता. ज्या विद्यापीठाला त्याच्या मोटारीपायी मान खाली घालावी लागली, त्याला त्यानं अखेरीस घेतल्याच्या कितीतरी पट परत दिलं. तेही उघडपणे, स्वतःच्या नावानं.