इमाम गझाली : दुआ, तकदीर आणि दाराचं कुलूप

हल्ली घराघरांत मोबाइलवर मॅनिफेस्टेशनचे व्हिडिओ चालू असतात. हवं ते मनात पक्कं धरा, डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ते तुमच्याकडे चालत येईल, असा त्यांचा सूर. त्याच घरात दुसरं कुणी प्रत्येक गोष्ट तकदीरवर टाकून मोकळं होतं. मुलगा नापास झाला, तकदीर. औषध वेळेवर घेतलं नाही, तीही तकदीर. या दोन्ही टोकांवर नऊशे वर्षांपूर्वी बारकाईने विचार करणारा एक माणूस होऊन गेला. त्याने या गोष्टी नुसत्या लिहिल्या नाहीत, त्यांची किंमत स्वतः मोजली. ते म्हणजे हुज्जतुल इस्लाम इमाम अबू हामिद मुहम्मद गझाली (रह.).

त्यांचा जन्म हिजरी ४५०, म्हणजे इ.स. १०५८ च्या सुमारास इराणच्या खुरासान प्रांतात तूस इथे झाला. वडील लोकर कातून पोट भरणारे, असं सांगतात. ते लवकर वारले. मरताना अबू हामिद आणि धाकटा भाऊ अहमद या दोघांना त्यांनी एका सूफी मित्राच्या हवाली केलं. ठेवलेले पैसे संपल्यावर त्या भल्या माणसाने मुलांना मदरशात जायला सांगितलं, कारण तिथे इल्मबरोबर दोन वेळचं जेवणही मिळत होतं. इतका मोठा आलिम घडला, त्याची सुरुवात भाकरीच्या काळजीतून झाली.

त्यांच्या तरुणपणाचा एक किस्सा चरित्रकार आवर्जून सांगतात. शिक्षण घेऊन परतताना वाटेत दरोडेखोरांनी काफिला लुटला. गझालींची टिपणांची पिशवीही गेली. ते सरदाराच्या मागे धावले आणि बाकी सगळं ठेवा, तेवढे कागद परत द्या म्हणून विनवू लागले. सरदार हसला. पिशवी गेल्यावर जे जातं ते इल्म कसलं, असं त्याने सुनावलं आणि कागद परत दिले. गझालींनी हा अल्लाहने केलेला इशारा मानला. पण इशारा मानून ते स्वस्थ बसले नाहीत. तूसला येऊन तीन वर्षं खपून त्यांनी सगळी टिपणं तोंडपाठ केली.

पुढे नीशापूरला इमामुल हरमैन जुवैनी यांच्या हाताखाली ते तयार झाले. इ.स. १०९१ मध्ये वजीर निजामुल मुल्कने त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात नेमलं. वय जेमतेम तेहेतीस. समोर तीनशेच्या आसपास विद्यार्थी, दरबारात मान, शहरात नाव. आजच्या भाषेत बोलायचं तर मनात आणलेलं सगळं मिळालं होतं.

इ.स. १०९५ मध्ये मात्र सगळं थांबलं. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी, हा प्रश्न त्यांना सोडेना. सहा महिने ते घालमेलीत होते. सकाळी जायचं ठरवावं, संध्याकाळी मन माघार घ्यावं. शेवटी जीभच चालेना. वर्गात उभं राहून शब्द फुटेना, घास उतरेना. हा रोग मनातून आलाय, असं सांगून हकिमांनी हात टेकले. मग त्यांनी कळवळून दुआ केली आणि बगदाद सोडलं. शिकवण्याचं काम भाऊ अहमदने सांभाळलं. होती ती संपत्ती गझालींनी वाटून टाकली, पण मुलाबाळांच्या गुजराणीपुरतं बाजूला ठेवलं. अल्लाहवर भरवसा आहे म्हणून घर वाऱ्यावर सोडलं नाही, हे विसरू नये.

दमिश्कच्या जामा मशिदीच्या मिनारात ते दिवसभर दार लावून बसत. तिथून बैतुल मुकद्दस, मग हज. याच काळाशी जोडलेला त्यांचा ग्रंथ म्हणजे 'इह्या उलूमुद्दीन'. त्याच्या चाळीस भागांपैकी एक तवक्कुलवर आहे आणि तो वाचताना आश्चर्य वाटतं, कारण त्यात रोजच्या संसाराच्या गोष्टी आहेत. समोर जेवण असताना घास न उचलता पोट भरण्याची वाट बघणं हा तवक्कुल नाही, वेडेपणा आहे, असं ते समजावतात. घरच्यांसाठी वर्षभराचं धान्य भरून ठेवलं तरी तवक्कुल मोडत नाही. घराबाहेर पडताना दाराला कुलूप जरूर लावावं. फक्त भरवसा कुलपावर नसावा, आणि चोरी झालीच तर अल्लाहच्या फैसल्यावर राजी राहावं. औषधाचंही तसंच.

उमेदीबद्दल लिहिताना त्यांनी शेतकऱ्याचा दाखला घेतला. चांगल्या जमिनीत चांगलं बी पेरलं, पाणी दिलं, तण काढलं आणि मग अल्लाहच्या कृपेची वाट पाहिली, तर ती खरी उमेद. पाणी न पोचणाऱ्या खारट जमिनीत बी टाकून पिकाची वाट पाहणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मॅनिफेस्टेशनचे बरेचसे व्हिडिओ मला या दुसऱ्या शेतकऱ्यासारखे वाटतात. काहींत तर बीसुद्धा नसतं.

आणि सगळं आधीच ठरलेलं असेल तर दुआ कशाला? हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. त्यांचं म्हणणं असं की संकट दुआने टळावं, हेही तकदीरचाच भाग असतं. ढाल बाण अडवते, पाण्याने रोप उगवतं, तशीच दुआ हा अल्लाहनेच नेमलेला सबब आहे. लढाईत ढाल हातात घेतली म्हणून कुणी तकदीर नाकारत नाही.

मुलांच्या ओढीने ते शेवटी घरी परतले. इ.स. ११०६ मध्ये नीशापूरच्या निजामियात काही काळ पुन्हा शिकवलं, मग तूसलाच राहिले. घराशेजारी विद्यार्थ्यांसाठी मदरसा आणि सूफींसाठी खानकाह चालवली. डिसेंबर ११११ मधल्या एका सोमवारी पहाटे त्यांनी वजू केला, फजरची नमाज अदा केली आणि कफन मागितलं. भाऊ अहमदच्या हवाल्याने सांगतात, की ते कफन त्यांनी चुंबून डोळ्यांना लावलं, किब्ल्याकडे तोंड करून पाय पसरले, आणि सूर्य उगवण्याआधी त्यांचा इंतकाल झाला.