अर्थशास्त्राचे प्राध्यापक आंबेडकर आणि चाळीसगावचा टांगा

एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. बाबासाहेबांच्या पदव्यांची ही माळ आमच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असते. जयंतीच्या व्यासपीठावर ती एका दमात म्हटली जाते, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढे सरकतो. या पदव्या कोणत्या विषयातल्या, असे विचारले की मात्र सभेत शांतता पसरते. बॅरिस्टरी सोडली तर त्या अर्थशास्त्रातल्या आहेत. घटनेचे शिल्पकार म्हणून या देशाने त्यांना स्वीकारले, तेही नाइलाजाने. अर्थतज्ज्ञ आंबेडकर प्रस्थापितांनी झाकून ठेवले आणि आम्हीही ते झाकण फारसे उचलले नाही.

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत बी.ए.ला अर्थशास्त्र घेणारी आमची मुलेमुली पुष्कळ आहेत. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून घेतलेला विषय, अशी त्यातल्या अनेकांची समजूत असते. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहोत.

महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेला भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून १९१२ साली तो बी.ए. झाला. पुढच्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. तिथे त्याने एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. करआकारणीचे जगप्रसिद्ध पंडित सेलिग्मन त्याचे गुरू होते. १९१५ ला एम.ए., मग लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पदवीच्या वर्गातल्या पोरांना ते शिकवू लागले. हा अस्पृश्य मास्तर आपल्याला काय शिकवणार, असे म्हणणारे विद्यार्थी पुढे मान खाली घालून टिपणे काढू लागले, आणि दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. पण प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, असे सहकाऱ्यांतल्या काहींना वाटत होते. वर्गात मान्यता आणि माठापाशी विटाळ! याच काळात, ३१ जानेवारी १९२० रोजी, ‘मूकनायक’ निघाले. बाबासाहेब सरकारी नोकरीत असल्याने संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचे होते. मार्चमध्ये नोकरी सोडून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले.

नोकरीच्या त्या काळातलाच, १९१८ चा, लहान शेतजमिनींवरील त्यांचा निबंध कापूस-केळीच्या खानदेशातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. तेव्हा सगळे पंडित सांगत होते की तुकडे जोडा, शेत मोठे करा, शेती सुधारेल. बाबासाहेबांनी उलट विचारले, शेत लहान की मोठे हे ठरवणार कशावरून? बैल, अवजारे, भांडवल हाती नसेल तर मोठे शेतही तोट्याचेच. खरे दुखणे हे की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे टेकलेली आहेत आणि त्यांना दुसरे काम नाही. तेव्हा कारखाने उभे करा, शेतीवरचा भार आपोआप उतरेल. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराच्या बाजूने पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

१९२३ च्या ‘रुपयाचा प्रश्न’ या प्रबंधावर त्यांना डी.एस्सी. मिळाली. या पुस्तकाच्या संदर्भात रिझर्व्ह बँकेचे नाव घेऊन आमचे वक्ते थांबतात. पुस्तकाचा गाभा त्याहून मोलाचा आहे. रुपयाची परदेशातली किंमत सांभाळण्यापेक्षा देशात त्याची खरेदीशक्ती स्थिर राहणे महत्त्वाचे. कारण भाव चढले की मजुरी त्या वेगाने चढत नाही आणि मार मजुराच्या पोटावर बसतो.

आणि हा रुपयाचा पंडित १९२९ साली चाळीसगावच्या स्टेशनावर उभा होता. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशचे दोन्ही जिल्हे त्यांच्याकडे होते. धुळे लाईनवरच्या एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते परतले होते. महारवाडा जवळच होता, पण पाहुण्याला पायी नेणे लोकांना बरे वाटेना. टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा नाही. वस्तीतल्याच एकाने लगाम धरला. सवय नसलेला हात, पुलावर चाक अडकले, घोडा टांग्यासह नदीत गेला आणि दगडी फरशीवर फेकल्या गेलेल्या बाबासाहेबांचा पाय मोडला.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात काय लिहिलेले असते? किंमत मोजणाऱ्याला वस्तू मिळते, सेवा मिळते. चाळीसगावला भाडे द्यायला लोक तयार होते, टांगेवाल्यांना पैसा नको होता असेही नाही. तरी व्यवहार झाला नाही. गरीब टांगेवाल्याने आपली मजुरी बुडू दिली, पण बॅरिस्टराला टांग्यात घेऊन हाकणे कमीपणाचे मानले. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. त्याचा दाखला खानदेशच्या मातीत सात वर्षे आधीच मिळाला होता.

३१ जुलै १९३७ रोजी ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हाची आठवण म्हणून लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी आमची माणसे जमतात. जावेच. पण जाताना महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखनाचे दोन खंड पिशवीत असू द्यावेत: १९७९ चा पहिला, ज्यात शेतजमिनीचा निबंध आहे, आणि १९८९ चा सहावा, ज्यात रुपयाचा प्रबंध आहे. बंगल्याच्या आवारात झाडाखाली बसून अर्थशास्त्राच्या दहा मुलांनी त्यातली वीस पाने मोठ्याने वाचली आणि न कळलेले तिथे आलेल्या प्राध्यापकांना विचारले, तर त्या दिवशी भाषण एखादे कमी झाले तरी चालेल.