वर्गाचं दार : फ्रेडरिक बर्नार्ड यांची गोष्ट

कोलंबिया विद्यापीठ म्हटलं की आपल्याला पहिलं नाव आठवतं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१३ साली ते न्यूयॉर्कला शिकायला गेले, हे आपण शाळेतच वाचलं. मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते त्याआधी चोवीस वर्षं वारले होते. फ्रेडरिक बर्नार्ड हे त्यांचं नाव. जवळजवळ पंचवीस वर्षं ते कोलंबियाचे अध्यक्ष होते. स्मरणिकेसाठी शाळेची आठवण लिहून दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मला हेच गृहस्थ का आठवले, ते शेवटी सांगते.

बर्नार्ड यांचा जन्म १८०९ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड या गावचा. १८२८ मध्ये ते येल कॉलेजातून पदवीधर झाले. गणितात हुशार होते, पुढे येलमध्येच शिकवायलाही लागले. पण याच सुमारास त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. दोष घराण्यातच होता आणि तो वाढत जाणार हे उघड होतं. तोंडी प्रश्नोत्तरांवर वर्ग चालायचे, त्या काळात शिक्षकी पेशातल्या माणसाला हा मोठाच धक्का. बर्नार्डांनी पेशा सोडला नाही. ते आधी हार्टफर्डच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. त्या मुलांना वाक्याची रचना कळावी म्हणून त्यांनी चिन्हं वापरून व्याकरणाचं एक पुस्तक लिहिलं, ते १८३६ मध्ये निघालं. पुढे आयुष्यभर ते कानाला भोंगा लावून माणसांचं बोलणं ऐकत राहिले.

१८३८ मध्ये ते दक्षिणेत, अलाबामा विद्यापीठात गेले. तिथे सोळा वर्षं गणित, पदार्थविज्ञान आणि नंतर रसायनशास्त्र शिकवलं, वेधशाळा उभारली, फोटोग्राफीची कला नुकतीच निघाली होती तर तिचाही उद्योग करून पाहिला. १८५४ मध्ये ते मिसिसिपी विद्यापीठात गेले आणि दोन वर्षांत तिथले प्रमुख झाले.

तिथे त्यांनी एक मोठं स्वप्न पाहिलं. जगातली सगळ्यात मोठी भिंगाची दुर्बीण आपल्या विद्यापीठात असावी, म्हणून त्यांनी आल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यात साडेअठरा इंच व्यासाच्या भिंगाची ऑर्डर दिली. दुर्बिणीसाठी इमारतही बांधून झाली. तेवढ्यात १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं आणि भिंग उत्तरेतच अडकलं. जानेवारी १८६२ मध्ये क्लार्क यांचा मुलगा त्या भिंगाची चाचणी घेत होता, तेव्हा त्याला व्याधाच्या ताऱ्याशेजारी एक अंधुक ठिपका दिसला. व्याधाचा जोडतारा माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा, बर्नार्डांनी मागवलेल्या भिंगातून. ते भिंग पुढे शिकागोला गेलं. मिसिसिपीतली इमारत आजही बर्नार्डांच्या नावाने उभी आहे, तिच्यात ती दुर्बीण कधीच आली नाही.

याच काळातली दुसरी एक गोष्ट वगळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. उत्तरेत जन्मलेले, शिकलेले बर्नार्ड दक्षिणेत गुलाम बाळगत होते. १८५९ मध्ये ते घरी नसताना त्यांच्या घरातल्या जेन नावाच्या गुलाम स्त्रीवर एका विद्यार्थ्याने अत्याचार केला. बर्नार्डांनी त्या विद्यार्थ्याला काढून टाकायचा प्रयत्न केला. पण गुलामाचं सांगणं गोऱ्याविरुद्ध पुरावा मानायचंच नाही, असा तिथला दंडक. उलट बर्नार्डांवरच ठपका आला की हा माणूस गुलामगिरीच्या बाबतीत पक्का नाही. १८६० मध्ये त्यांनी स्वतःहून विश्वस्तांपुढे चौकशी मागितली आणि ते निर्दोष ठरले. ठरले कशावर, तर आपण गुलामगिरीच्या विरोधात नाही हे पटवून देऊन. जेनचं म्हणणं त्यांनी खरं मानलं, पण तिला गुलाम ठेवणारेही तेच होते. मोठी माणसं सगळीकडे सारखीच मोठी नसतात.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांनी राजीनामा दिला. दक्षिणेतून बाहेर पडायची वाट मिळेना. १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने नॉरफोक शहर घेतलं तेव्हा त्यांची सुटका झाली. मग वॉशिंग्टनला सरकारी किनारा सर्वेक्षणाच्या नकाशांचं काम केलं. १८६४ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, कोलंबियाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

तेव्हाचं कोलंबिया म्हणजे ग्रीक आणि लॅटिन घोकून घेणारं एक लहानसं कॉलेज होतं. त्याच वर्षी तिथे खाणकामाचं कॉलेज सुरू झालं, त्याच्यामागे बर्नार्ड ठामपणे उभे राहिले. आजचं तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज त्यातूनच वाढलं. विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक असावी, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकेने मीटर आणि किलोग्रॅम स्वीकारावेत म्हणून त्यांनी पुस्तक लिहिलं, संस्था चालवली. अमेरिकेने ते अजूनही मनावर घेतलेलं नाही. कामाच्या निमित्ताने माझा रोज इंच आणि पौंडांशी संबंध येतो, तेव्हा बर्नार्डांची आठवण होतेच.

पण त्यांची खरी झुंज वेगळीच होती. १८७९ च्या वार्षिक अहवालात त्यांनी विश्वस्तांना लिहिलं की कोलंबियाचे वर्ग मुलींना खुले करावेत. मुलांच्या बरोबरीने, त्याच वर्गात. विश्वस्तांनी लक्ष दिलं नाही. १८८० च्या अहवालात पुन्हा तेच, १८८१ मध्ये पुन्हा तेच. १८८३ मध्ये शहरातल्या हजाराहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज आला. विश्वस्तांनी समिती नेमली. मॉर्गन डिक्स नावाचे धर्मगुरू तिचे प्रमुख होते आणि मुलामुलींनी एकत्र शिकणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं.

अखेर एक तोडगा निघाला. मुलींनी नाव नोंदवावं, अभ्यासाची यादी न्यावी, घरी बसून तयारी करावी आणि परीक्षेला यावं. पास झाल्या तर पुढे पदवीही मिळेल. फक्त वर्गात पाऊल टाकायचं नाही. वरवर पाहता दिलं तर सगळंच होतं. पण प्रश्नपत्रिका काढणारे प्राध्यापक वर्गात जे बोलले त्यावर प्रश्न काढत, आणि ते तर या मुलींनी ऐकलेलंच नसे. अ‍ॅनी नेथन मेयर ही मुलगी १८८५ मध्ये या पद्धतीने शिकू लागली आणि तिला हाच अनुभव आला.

ज्याला स्वतःला ऐकू येत नव्हतं, त्या माणसाला या व्यवस्थेतली खोच चटकन कळली असणार, असं मला वाटतं. वर्गात काय बोललं जातं ते न ऐकता शिकणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं त्या सभागृहात कोणाला ठाऊक होतं?

मार्ग सापडेल तिथे त्यांनी मदत केली. विनिफ्रेड एजर्टन हिला गणित आणि खगोलशास्त्र शिकायचं होतं, विश्वस्तांनी नकार दिला. बर्नार्डांनी तिला सल्ला दिला की एकेका विश्वस्ताला स्वतः जाऊन भेट. ती भेटली आणि परवानगी घेऊन आली. १८८६ मध्ये तिला गणितातली डॉक्टरेट मिळाली. कोलंबियाची पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री.

२७ एप्रिल १८८९ रोजी बर्नार्ड वारले. त्याच महिन्याच्या सुरुवातीला विश्वस्तांनी मुलींच्या वेगळ्या कॉलेजला मान्यता दिली होती. त्यासाठी धडपडली होती ती हीच अ‍ॅनी मेयर. ऑक्टोबरमध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका भाड्याच्या घरात ते सुरू झालं. नाव ठेवलं बर्नार्ड कॉलेज. गंमत अशी की वेगळं कॉलेज बर्नार्डांना नकोच होतं. त्यांना हवा होता एकच वर्ग. कोलंबिया कॉलेजने मुलींना प्रवेश दिला तो १९८३ मध्ये, बर्नार्डांच्या पहिल्या अहवालानंतर एकशेचार वर्षांनी. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा बालवाडीत होते.

आता शाळेची आठवण. आपल्याबरोबर नववीपर्यंत एक मैत्रीण होती. घरची अडचण आली आणि तिची शाळा सुटली. दहावीला तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. मी माझ्या वह्या तिला द्यायचे आणि आपण फार मोठी मदत करतोय असं समजायचे. पहिल्यांदा तिला गणित सुटेना तेव्हा माझ्या लक्षात आलं की वहीत फक्त उत्तर होतं. बाईंनी फळ्यावर खोडून पुन्हा काय लिहिलं, चुकलेल्या मुलाला काय समजावलं, त्यातलं काहीच वहीत नव्हतं. मी हे बाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर होणाऱ्या जादा तासाला ती शेवटच्या बाकावर बसू लागली. हजेरीपटात तिचं नाव नव्हतं. बाईंनी कोणाची परवानगी घेतली की नाही, मला माहीत नाही. ती पास झाली आणि गणितात चांगल्या मार्कांनी पास झाली.

मेळाव्याची यादी करताना आपल्या ग्रुपवर प्रश्न निघाला की बाहेरून परीक्षा दिलेली ती आपल्या बॅचची धरायची का. विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं, यादी हजेरीपटावरून केली होती इतकंच. मी तेव्हा काही उत्तर दिलं नाही. हा लेख म्हणजे माझं उत्तर आहे. कोण कोणाच्या वर्गातलं, हे हजेरीपटाला विचारायचं नसतं, त्या वर्गाच्या बाईंना विचारायचं असतं. बाई मेळाव्याला येणार आहेत. त्यांना विचारा, आणि त्याआधी तिचं नाव यादीत लिहून ठेवा.