ह्यू मन्रो
सर ह्यू टॉमस मन्रो (१६ ऑक्टोबर, इ.स. १८५६ – १९ मार्च, इ.स. १९१९) हे स्कॉटलंडमधील गिर्यारोहक होते. तेथील ३,००० फुटांपेक्षा (९१४.४ मीटर) उंच पर्वतांची पहिली सविस्तर यादी त्यांनी तयार केली. या पर्वतांना आज 'मन्रो' असेच म्हणतात.

इ.स. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनियरिंग क्लबचे ते संस्थापक सदस्य होते. एवढ्या उंचीचे पर्वत सुमारे तीसच असावेत, अशी तेव्हा समजूत होती. मन्रो यांनी सर्वेक्षण खात्याचे नकाशे तपासले, वायुभारमापक घेऊन डोंगर पालथे घातले आणि इ.स. १८९१ मध्ये ५३८ शिखरांची यादी प्रसिद्ध केली. त्यांपैकी २८३ त्यांनी स्वतंत्र पर्वत मानले, उरलेली उपशिखरे. मधली खिंड किती खोल असली म्हणजे पर्वत स्वतंत्र, याचा नियम मात्र त्यांनी घालून दिला नाही. यादीवरील बरेचसे वाद यातूनच उद्भवले. उंचीचा निकष तेवढा काटेकोर राहिला. उपग्रहाधारित मोजणीत जेमतेम ४४ सेंटिमीटर कमी भरल्याने इ.स. २०१२ मध्ये एक पर्वत वगळण्यात आला. सध्या यादीत २८२ पर्वत आहेत.

सर्व मन्रो प्रथम सर केल्याचे श्रेय सामान्यतः ए. ई. रॉबर्टसन या धर्मोपदेशकांना दिले जाते (इ.स. १९०१). स्वतः मन्रो यांची यादी अपुरीच राहिली. स्काय बेटावरील इनॅक्सेसिबल पिनॅकल हा सुळका त्यांना साधला नाही. कार्न क्लोइख-वूलिन हा सोपा डोंगर त्यांनी शेवटासाठी राखून ठेवला होता. तोही राहून गेला. फ्रान्समधील तारास्कों येथे त्यांचे निधन झाले. इ.स. १९८१ च्या फेररचनेत हा राखलेला डोंगर उपशिखर ठरला.