रहस्यकथाकार कै. बाबूराव अर्नाळकर

देवघेवीच्या टेबलावर आल्याबरोबर पुन्हा बाहेर जाणारी पुस्तके ज्यांनी लिहिली, त्यांत कै. बाबूराव अर्नाळकरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. जन्म १९०६ सालचा. टोपणनाव इतके रूढ झाले, की मूळ नाव वाचकांना परके वाटू लागले.

त्यांच्या रहस्यकथांची संख्या एक हजाराहून अधिक भरते. पुस्तक आटोपशीर, किंमत बेताची आणि भाषा सुबोध. एका बैठकीत संपणाऱ्या या वाचनाने कित्येकांना अखंड वाचनाची पहिली सवय लावली. पाठ्यपुस्तकाच्या आड ते दडवावे लागे, ही गोष्ट वेगळी!

धनंजय आणि छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. अर्नाळकरांचे वैशिष्ट्य मात्र काळापहाड आणि झुंजार यांच्यात अधिक दिसते. काळापहाड हा कायद्याच्या चौकटीत न मावणारा नायक. दुर्जनांना तो शासन करतो, दुबळ्यांच्या मदतीस धावतो. पण पोलिसांच्या दृष्टीने तो गुन्हेगारच. न्यायासाठी कायदा मोडावा काय, हा प्रश्न बाबूरावांनी प्रवचन न करता वाचकापुढे ठेवला. वडीलधाऱ्यांचा आक्षेपही नेमका याच ठिकाणी होता, आणि तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

सदोष नायकाची ही परंपरा पाश्चात्त्य वाङ्मयात जुनी आहे. मॉरिस लब्लांचा चोर आर्सेन ल्यूपँ १९०५ साली, तर लेस्ली चार्टरिसचा 'सेंट' १९२८ साली अवतरला. हेरकथेत इयान फ्लेमिंगचा जेम्स बाँड १९५३ साली आला. पहिल्याच कादंबरीत तो विश्वासातल्या सहकारी स्त्रीकडून फसतो. काळापहाड तोवर मराठी घरांत स्थिरावलेला होता. इकडे १९५२ पासून अलाहाबादहून इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' निघू लागली. त्यामुळे कोटरा सुल्तानाबादसारख्या भोपाळच्या वस्त्यांतील मराठी वाचकाला, उर्दू येत असल्यास, दोन्ही दालने खुली होती. मराठीत पुढे गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपने हेरकथेची वाट रुळवली.

समीक्षकांनी बाबूरावांची दखल क्वचितच घेतली. वाङ्मयेतिहासात हजार पुस्तकांच्या लेखकाला पुरेशी जागा मिळू नये, हे विलक्षणच. जुलै १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या निवडक कथा नव्याने छापल्या गेल्या.