बजेटवर मत द्यायचा अधिकार नव्हता, तरी कोल्हापुरात शिकलेला हा माणूस इंग्रजांकडे हिशेब मागायचा

महापूर ओसरला की कुरुंदवाडच्या कट्ट्यांवर ठरलेली चर्चा सुरू होते. अलमट्टीतून पाणी कधी सोडलं? पंचनामे किती झाले? पैसे किती आले? आपल्या खासदाराने दिल्लीत हे विचारावं, अशी लोकांची अपेक्षा असते. प्रश्न स्वीकारला गेला की मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावं लागतं.

एकेकाळी मात्र मिळालेल्या उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारायचीही सोय नव्हती. त्या काळात सरकारला आकड्यांत पकडणारा माणूस आपल्याच भागात वाढला होता. नाव गोपाळ कृष्ण गोखले.

जन्म ९ मे १८६६ चा, गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचा. वडील कागलला नोकरीला, त्यामुळे शाळा कागलची आणि पुढे कोल्हापूरची. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले ८ रुपये दर महिन्याला धाकट्याला पाठवू लागले. पै-पैचा हिशेब ठेवायची सवय बहुतेक तिथलीच.

राजाराम कॉलेज झालं, १८८४ मध्ये एल्फिन्स्टनमधून बीए झाले, मग पुण्यात शिक्षकी. तिथे न्यायमूर्ती रानडे भेटले आणि सरकारी अहवाल बारकाईने वाचायची शिस्त लागली.

तरीही एकदा ते जोरात आपटले.

१८९७ साल. पुण्यात प्लेग, रँडचा बंदोबस्त आणि घराघरांत शिरणारे गोरे सोजीर. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सोजिरांच्या अत्याचारांची माहिती दिली. परत आले तेव्हा रँडचा खून होऊन गेला होता, टिळकांना अटक झाली होती. भीतीपोटी कुणी पुरावा द्यायला पुढे येईना. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांची नावं सांगितली नाहीत आणि सरकारची जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीही भरपूर टीका केली.

दुसरा कुणी राजकारण सोडून घरी बसला असता. गोखले १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बसू लागले. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना प्रश्न विचारता येत, बजेटवर बोलता येई. पण बजेटवर मतदान नाही आणि उपप्रश्नही नाही. (कुरुंदवाड तर तेव्हा पटवर्धनांचं संस्थान. इथल्या रयतेच्या वतीने त्या सभागृहात बोलणारा प्रतिनिधीच नव्हता.)

२६ मार्च १९०२ ला त्यांनी बजेटवर पहिलं भाषण केलं. सरकार तिजोरीतली शिल्लक कौतुकाने दाखवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवून दिलं की देश दुष्काळ आणि प्लेगने पिचलेला असताना ही शिल्लक जास्तीच्या करांतून आणि रुपयाच्या वाढवलेल्या दरातून आली आहे. मिठावरच्या कराचा मुद्दा ते वर्षानुवर्षं लावून धरत राहिले. हा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो २ रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये १ रुपया. सगळं श्रेय एकट्या गोखल्यांना देता येणार नाही, पण सरकारला हा विषय विसरू न देणारे तेच होते.

मला त्यांची सगळ्यात मोठी लढाई वाटते ती मात्र वेगळीच. १९०३ च्या अखेरीस कर्झनच्या सरकारने सरकारी गुपितांच्या कायद्यात दुरुस्ती आणली. लष्करी गुपितांचे कडक नियम आता मुलकी कारभारालाही लागू होणार होते. म्हणजे एखाद्या खात्यातला साधा कागद छापला तरी संपादक आत. गोखल्यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा होता की या देशात नोकरशाहीला जाब विचारणारी संसद नाही. वर्तमानपत्रांची टीका हा एकच अंकुश आहे, तोही गेला तर उरणार काय?

१९०४ मध्ये कायदा मंजूर झाला. सरकारी सदस्यांचं बहुमत होतं, दुसरं काय होणार!

१९०९ च्या सुधारणांनी उपप्रश्न विचारायची आणि ठराव मांडायची सोय आली. १९१० मध्ये नाताळला करारावर मजूर पाठवणं थांबवायचा गोखल्यांचा ठराव सरकारने स्वीकारला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मात्र १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात गोखले गेले, वय अवघं ४८.

सरकारी गुपितांचा कायदा १९२३ मध्ये नव्याने आला, तो आजही आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम २२ मात्र सांगतं की दोन्हींत विसंगती असेल तिथे माहिती अधिकार कायदा वरचढ. कुरुंदवाड नगरपरिषदेत अर्ज करायचा तर शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस.